हिटलर पाहिजे, म्हणे!

मागच्या महिन्यात सावेडीला एका भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. पंगती उठल्या, मंडळी सतरंजीवर विसावली आणि नेहमीप्रमाणे देशाची चर्चा सुरू झाली. कांद्याचे भाव, रस्त्यातले खड्डे, इंजिनियर होऊन घरी बसलेली मुलं... शेवटी एक जण म्हणालाच, "या देशाला ना, एक हिटलरच पाहिजे. सहा वर्षांत बेकारी संपवली होती त्यानं!" चार-पाच माना डोलल्या. मग भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तू इतिहास शिकवायचीस ना? तू सांग, खोटं आहे का हे?"

आता दुपारी दोन वाजता, पुरणपोळीवर तूप घेऊन बसलेल्या माणसांना इतिहास कोण सांगणार? मी म्हटलं, सवडीनं सांगेन. ते हे. (तो वाचेलच, त्याच्या बायकोनंही वाचावं.)

तर पहिली गोष्ट. खोटं नाही. सरकारी आकड्यांत बेकारी खरोखर जवळजवळ संपली होती. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाखांहून जास्त लोक बेकार होते, आणि १९३८ मध्ये उलट कामाला माणसं मिळेनात. म्हणून तर हे वाक्य टिकून आहे. अगदीच खोटी गोष्ट फार दिवस चालत नाही, पण अर्धी खरी पिढ्यान्‌पिढ्या चालते. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर अजून विकायला असतं, आणि ते घेणारी मुलं दुष्ट नसतात. बहुतेक वेळा ती नोकरी शोधत असतात.

शाळेत मी नववी-दहावीला हा धडा कितीतरी वर्षं शिकवला. नोटांच्या चळती घेऊन खेळणाऱ्या जर्मन पोरांचा तो प्रसिद्ध फोटो मुलांना फार आवडायचा. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला चार लाख कोटी मार्कांहून अधिक मोजावे लागत होते. वर्गात फळ्यावर शून्यं काढता काढता तास संपायचा. मुलं मग उत्तरपत्रिकेत लिहायची, 'महागाईमुळे हिटलर सत्तेवर आला.' मी अर्धा गुण कापायची. कारण त्याच नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिकला हिटलरनं बंडाचा प्रयत्न केला आणि तो सपशेल फसला, गडी तुरुंगात गेला. पुढे गाडी रुळावर आली, अमेरिकेची कर्जं आली, कारखाने चालू झाले. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला सगळ्या संसदेत बारा जागा. बारा! लोकांनी त्याला जवळजवळ विसरून टाकलं होतं.

मग झालं काय? ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. अमेरिकन बँकांनी दिलेली कर्जं परत मागायला सुरुवात केली. मे १९३१ मध्ये ऑस्ट्रियाची सगळ्यात मोठी बँक बुडाली, जुलैत जर्मनीतल्या बँकांपुढे रांगा लागल्या. आणि या वेळचं संकट १९२३ च्या अगदी उलटं होतं. तेव्हा पैसा कवडीमोल झाला होता, आता पैसा दिसेनासा झाला. भाव पडले, पगार पडले, कारखान्यांना कुलपं लागली. तेव्हाचा चॅन्सेलर ब्र्यूनिंग हा प्रामाणिक माणूस होता, पण १९२३ ची धास्ती त्याच्या आणि सगळ्या जर्मनीच्या मनात इतकी बसलेली, की त्यानं खर्च वाढवायच्या ऐवजी कापला. नोकरदारांचे पगार कापले, कर वाढवले, बेकारांना मिळणारी मदतसुद्धा कापली. ताकाला भिऊन दूध फुंकत बसला आणि तोवर चूल विझली. संसदेत बहुमत मिळेना म्हणून हे सगळं राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी केलं. म्हणजे संसदेला वळसा घालून राज्य करायची सवय हिटलरच्या आधीच लागली होती, हे माझ्या मते पाठ्यपुस्तकांत फार दबकत सांगितलं जातं.

आता जागा बघा. १९२८ ला १२, १९३० ला १०७, जुलै १९३२ ला २३०. बेकारांचा आकडा आणि हा आकडा जोडीनं चढत गेलेत. नोव्हेंबर १९३२ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा मात्र तो २३० वरून १९६ वर आला. लाट ओसरू लागली होती. आणि नेमकं त्याच वेळी फॉन पापेन वगैरे बड्या मंडळींनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या गळी उतरवलं की याला चॅन्सेलर करू, आपली माणसं भोवती ठेवू, म्हणजे आपल्या मुठीत राहील. ३० जानेवारी १९३३ च्या त्या मंत्रिमंडळात हिटलर धरून त्याच्या पक्षाचे तिघेच होते. दोन महिन्यांच्या आत, २३ मार्चला, संसदेनं ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले सगळे अधिकार त्याच्या हवाली केले. कम्युनिस्ट खासदार आधीच तुरुंगात नाहीतर परागंदा होते. विरोधातली ती ९४ मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची. बाहेर वर्दीतले गुंड उभे असताना आत बसून 'नाही' म्हणणारे ते ९४ लोक मला फार मोठे वाटतात. त्यांचे पुतळे कुठे असतील तर पाहायला आवडेल.

एकदा एका मुलीनं वर्गात विचारलं होतं, "बाई, मंदी तर आपल्याकडेपण आली होती ना? मग आपल्याकडे हिटलर का नाही झाला?" प्रश्न चांगला होता.

आली होती. आणि नगर जिल्ह्यात ती कशी आली ते माझ्या आजोबांच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, म्हणजे पाऊस मनात आला तर पडणार. १९२९ ते १९३३ या काळात शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. कापूस, शेंगा, गूळ, ज्वारी, काही सुटलं नाही. पण शेतसारा रोख रुपयांत ठरलेला, आणि सावकाराचं व्याजही रुपयांत. समजा, पूर्वी दहा पोती विकून ज्याचं देणं फिटायचं त्याला आता वीस पोती विकावी लागणार, आणि पिकणार तर तेवढीच. सरकारनं रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सला बांधून ठेवलेला, तो सोडायला ते तयार नव्हतं. मग काय विकायचं? सोनं. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, सोन्याचा भाव चढला आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचं सोनं मुंबईच्या बंदरातून बोटी भरभरून विलायतेला गेलं. आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ त्याच सुमारास गेली, असं आजोबा सांगायचे. आजी स्वतः त्यावर कधी बोलली नाही.

प्रवरेच्या कालव्यावर तर आणखीच वेगळी गंमत. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालेलं, पाणी आलं, ऊस आला, लोकांनी कर्ज काढून गुऱ्हाळं टाकली आणि गुळाचा भाव कोसळला. ज्यांच्याकडे पाणी ते कोरडवाहूवाल्यापेक्षा जास्त बुडाले! तिथून लोणीला सहकारी साखर कारखाना निघेपर्यंत, म्हणजे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कामापर्यंत, वीस वर्षं गेली. तो मोठा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

मुद्दा असा, की दैन्य इथेही होतं, जर्मनीपेक्षा जास्तच होतं. पण आपल्याकडे सत्ताच परक्याची होती. इथल्या भुकेला ना सैन्य होतं ना सीमा. शिवाय त्याच वर्षांत, १९३० मध्ये, हजारो लोक मिठाच्या सत्याग्रहात गेले. संतापाला वाट होती, आणि ती वाट दाखवणारा माणूस 'अमक्याला मारा' असं सांगत नव्हता. अमेरिकेचं म्हणाल तर तिथेही दर चार कामगारांत एक बेकार होता. तिथे १९३३ मध्ये रूझवेल्ट आला. त्यानं बेकारांना रस्ते, धरणं, झाडं लावणं अशी सरकारी कामं दिली. सगळं काही जमलं असं नाही, पण निवडणुका वेळच्या वेळी होत राहिल्या. तेव्हा मंदी आली की हुकूमशहा येतोच, असं गणित नाही. भुकेल्या माणसाच्या दाराशी आधी कोण पोचतं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९७२ चा दुष्काळ मी पाहिलाय. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. नगरहून गावी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडी फोडणारी माणसं, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरातल्या बायकासुद्धा डोक्यावर पदर ओढून बसलेल्या, शेजारी झोळीत पोर. घरात अमेरिकेची ती लाल मिलो, भाकरी थापताना तुटायची. कामावर सुकडी मिळायची. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. त्या वर्षी महाराष्ट्रात गुरं खूप मेली, लोकांचे हाल विचारू नका, पण बंगालसारखे मुडदे रस्त्यावर पडले नाहीत. मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले, विधानसभेत भांडणं झाली, वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. आणि त्या आरडाओरड्यामुळेच कामं निघत राहिली, हे विसरू नका. वि. स. पागे यांनी सांगलीकडे तासगाव तालुक्यात जी कल्पना आधी करून पाहिली होती, तीच रोजगार हमी योजना. पुढे तिचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हा कायद्यानं हक्क.

आणि पैसे कुठून आले? १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं व्यवसाय कर लावला. मी नुकती नोकरीला लागले होते. पगारपत्रकावर ती नवी कपात दिसली की स्टाफरूममध्ये काय कुरकुर चालायची! 'आम्ही शिकलो, आमच्या पगारातून त्यांना खडी फोडायला पैसे.' खोटी मस्टरं भरून लोकांनी पैसे खाल्ले, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. तरीसुद्धा नोकरदाराच्या पगारातले चार पैसे भूमिहीनाच्या चुलीपर्यंत जायचे, हे ब्र्यूनिंगच्या जर्मनीत झालं नाही. तिथे उलट बेकाराच्या हातातले काढून घेतले. गंमत अशी, की हा कर आला त्याच १९७५ मध्ये जूनला आणीबाणी आली, आणि तेव्हाही लोक म्हणायचेच, 'गाड्या कशा वेळेवर धावतात बघा.' मुसोलिनीबद्दलही हेच म्हणायचे. हुकूमशाही आली की लोकांना रेल्वेचं वेळापत्रक फार आवडू लागतं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. बेकारी संपवली, पण कशी? ज्यूंना नोकऱ्यांतून हाकललं, त्यांची गणती बेकारांत नाही. लग्न झालेल्या बायकांना घरी बसवायला कर्जं दिली, त्यांचीही नाही. मार्च १९३५ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू केली, लाखो पोरं बराकीत गेली. आणि उरलेल्यांना काम मिळालं ते मुख्यतः शस्त्रांच्या कारखान्यांत. ज्या मोटाररस्त्यांचे फोटो आपण पाहतो त्यांवर त्या मानानं थोडे लोक होते. त्यासाठी पैसा कुठून आणला? रिझर्व्ह बँकेचा तिथला प्रमुख होता शाख्ट, फार हुशार माणूस. त्यानं एक नावापुरती कंपनी काढली आणि तिच्या नावावर 'मेफो' हुंड्या चालवल्या. कारखानदारांना हुंड्या मिळायच्या, मागे बँकेची हमी. सरकारी हिशेबात दिसतच नाहीत! अशा बाराशे कोटी मार्कांच्या हुंड्या निघाल्या.

खरी गोम इथे आहे. रस्ता बांधला तर त्यावरून बैलगाडी जाते, बाजार होतो, पैसा परत फिरतो. पाझर तलाव बांधला तर विहिरीला पाणी येतं. रणगाडा नुसता उभा राहिला तर गंजतो. त्यातून काही पिकत नाही. लोहखनिज, रबर, तेल बाहेरून आणायचं तर परकी चलन लागतं, आणि रणगाडे बनवणाऱ्या देशाकडे निर्यातीला माल उरत नाही. १९३६ पासून जर्मनी या फासात सापडली. तेव्हा दोनच वाटा होत्या. शस्त्रं कमी करायची किंवा शेजाऱ्याचं लुटायचं. त्याच वर्षी हिटलरनं लिहून ठेवलं की चार वर्षांत सैन्य आणि अर्थव्यवस्था युद्धाला तयार पाहिजे. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया घेतली, तिच्या बँकेतलं सोनं बर्लिनला गेलं. जानेवारी १९३९ मध्ये शाख्टच्या बँकेनं हात टेकले, हे थांबवा म्हणून पत्र दिलं, तर त्यालाच काढून टाकलं. मार्चमध्ये प्राग घेतलं. १ सप्टेंबरला पोलंड. ज्या 'सहा वर्षांत' बेकारी संपवली, त्याच सहा वर्षांच्या शेवटी महायुद्ध उभं होतं.

जपानची गोष्ट तर याहून विचित्र. तिथला शेतकरी रेशमाच्या किड्यांवर जगायचा आणि रेशीम अमेरिका घ्यायची. अमेरिकन बायकांनी रेशमी मोजे घेणं कमी केलं, इकडे जपानच्या ईशान्येकडच्या खेड्यांत लोकांनी पोटच्या पोरी विकल्या. सैन्यातले तरुण अधिकारी आणि शिपाई याच खेड्यांतले. त्यांचा राग धुमसत होता, आणि १८ सप्टेंबर १९३१ ला तिथल्या जपानी सैन्यानं परस्पर मांचुरिया घ्यायला सुरुवात केली. पण ताकाहाशी नावाच्या म्हाताऱ्या अर्थमंत्र्यानं जपानला मंदीतून सगळ्यांच्या आधी बाहेर काढलं बरं का. मग तो म्हणाला, आता पुरे, लष्कराचा खर्च आवरा. २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे अधिकाऱ्यांनी घरात घुसून त्या एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला ठार मारलं. म्हणजे दुखणं बरं झालं, पण तोवर बंदूकवाला घरात येऊन बसला होता, तो काही गेला नाही.

पुढचीही उदाहरणं आहेत, छोटी. १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी महागाईनं पिचलेल्या लोकांचं लक्ष वळवायला फॉकलंड बेटं घेतली. १९९० मध्ये सद्दाम हुसेन इराणशी आठ वर्षं लढून कर्जात बुडाला होता, त्यानं कुवेत घेतलं. तेव्हा एअर इंडियानं लाखाहून जास्त भारतीयांना परत आणलं. ही दोन युद्धं जगभर पसरली नाहीत, एवढंच आपलं नशीब. आणि युद्ध लांबचं असलं तरी पोचतंच. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा माझ्या किराणावाल्यानं सूर्यफुलाच्या तेलाचा भाव सांगितला आणि मी करडईवर गेले.

आपल्या नगरला तर (आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडून नगरच येतं) जगाची युद्धं घरी यायची सवयच आहे. बोअर युद्धातले कैदी इथे आणले होते. १९१४ नंतर जर्मन आणले. १९३९ मध्ये पुन्हा जर्मन छावणी. त्यात हाइनरिश हारर होता, तोच, जो पुढे डेहराडूनच्या छावणीतून पळून तिबेटात गेला. तो नाझी पक्षाचा. आणि त्याच छावण्यांत हिटलरच्या भीतीनं पळून हिंदुस्थानात आलेले ज्यूही कोंडले होते, कारण पासपोर्ट जर्मन! चौकशी होऊन पुष्कळांना सोडलं, पण तोवर ज्याला भिऊन पळाले त्याच्याच माणसांबरोबर एका तारेच्या कुंपणात. इंग्रज कारकुनाच्या वहीत दोघेही 'शत्रूचे नागरिक'.

नंतर ऑगस्ट १९४२ मध्ये किल्ल्यात बारा जण आले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि बाकीचे. १९३६ मध्ये पत्नी गेल्यावर युरोपातून परत येताना नेहरू रोममध्ये उतरले होते. मुसोलिनीला त्यांना भेटायचं होतं, अधिकारी मागे लागले, पण ते भेटले नाहीत. साऱ्या जगातले पुढारी त्याच्या दारी जात होते त्या काळात. आणि तोच माणूस फॅसिझमविरुद्ध लढतो म्हणणाऱ्या सरकारनं नगरच्या किल्ल्यात ठेवला. तिथे १९४४ मध्ये पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांतच बंगालचा दुष्काळ आहे. युद्ध युरोपात सुरू झालं आणि भुकेनं माणसं मेली ती बंगालमध्येही.

त्या युद्धात हिंदुस्थानचं सैन्य पंचवीस लाखांवर गेलं. सक्ती नव्हती. पण घरी पिकत नाही आणि फौजेत दोन वेळा जेवण, पगार, घरी मनिऑर्डर, ही सक्ती नाही असं तरी कसं म्हणायचं? पुणे, सातारा, नगरकडची कितीतरी पोरं मराठा पलटणींत गेली. त्यांतला एक आपल्या जिल्ह्यातल्या निमजचा, नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. त्याच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले. दोन जखमींना त्यानं एकामागून एक उचलून पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून मागे नेलं, मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे एकट्यानं मोडले आणि बांधावर उभा राहून शिवाजी महाराजांच्या नावाची आरोळी ठोकली, तेव्हा मागच्या तुकड्या पुढे आल्या. वय तेवीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एकोणीस दिवसांनी मुसोलिनी मारला गेला, एकवीस दिवसांनी हिटलरनं स्वतःला गोळी घालून घेतली. किल्ल्यातले कैदी तोवर वेगवेगळ्या तुरुंगांत हलवले होते. नेहरू सुटले १५ जूनला.